एक भागाकार, एक गुणाकार

शाळेतील प्रयोगवही मी अजून जपून ठेवली आहे आणि तिच्यातील एका पानाकडे अधूनमधून परत जातो. त्या पानावर १२ व्होल्टच्या एका छोट्या दिव्याच्या चार नोंदी आहेत: १ व्होल्टला ०.४३ अँपिअर, ३ व्होल्टला ०.७९, ६ व्होल्टला १.१८ आणि १२ व्होल्टला १.७५. खाली आलेख आहे, आलेखावर पेन्सिलीने आखलेली एक सरळ रेषा आहे, आणि ती रेषा त्या चार ठिपक्यांपैकी एकावरही नीट बसलेली नाही. ओहमचा नियम आम्हाला त्याच आठवड्यात शिकवला होता. विभवांतर (व्होल्टमध्ये मोजतात ते) आणि विद्युतधारा (अँपिअरमध्ये मोजतात ती) यांचा आलेख सरळच यायला हवा असे मी धरून चाललो होतो, म्हणून ठिपके जुमानत नसतानाही मी रेषा ओढली होती. सरांनी रेषेवर बोट ठेवले आणि एवढेच विचारले की चारही वेळा दिव्याचा उजेड सारखा होता का. तो सारखा नव्हता. १ व्होल्टला तार जेमतेम तांबूस दिसत होती आणि १२ व्होल्टला तिच्याकडे बघवत नव्हते.

मग त्यांनी मला तक्त्यात दोन रकाने वाढवायला सांगितले. एकात व्होल्टला अँपिअरने भागायचे, दुसऱ्यात व्होल्टला अँपिअरने गुणायचे. भागाकाराच्या रकान्यात २.३, ३.८, ५.१ आणि ६.९ ओहम आले. गुणाकाराच्या रकान्यात ०.४३, २.४, ७.१ आणि २१ वॅट. विजेची विद्या पुढे बरीच वाढते, पण या दोन रकान्यांत काय लिहिले आहे ते नीट कळणे मला आजही तिचा पाया वाटते. दोन्ही रकाने त्याच दोन आकड्यांपासून निघतात, त्यामुळे ते एकाच जातीचे आहेत असा समज सहज होतो. माझाही बरीच वर्षे तसाच समज होता.

गुणाकार आधी घेतो, कारण तो अधिक निर्मळ आहे. व्होल्ट म्हणजे एक कूलोम विद्युतप्रभार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना किती ज्यूल ऊर्जा देऊन जातो त्याचे माप. अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती कूलोम जातात त्याचे माप. दोन्हींचा गुणाकार केला की कूलोम कटून जातो आणि दर सेकंदाला किती ज्यूल हे उरते, म्हणजेच वॅट. या सगळ्या विचारात तार कशाची आहे, ती तापली आहे की गार आहे, किंबहुना ती तार तरी आहे की नाही, याचा प्रश्न कोठेच आला नाही. दिवा असो, मोटर असो, भारित होत असलेला विद्युतघट असो, दोन टोकांमधील विभवांतर आणि त्यातून वाहणारी धारा त्या क्षणी ठाऊक असेल तर तेथे त्या क्षणी दिली जाणारी शक्ती त्यांच्या गुणाकाराइतकीच असते. ऊर्जा अक्षय्य आहे, यापलीकडे या हिशोबाला कसलाच आधार लागत नाही.

भागाकाराचे तसे नाही. व्होल्टला अँपिअरने भागले की एक अँपिअर वाहवण्यासाठी किती व्होल्ट लावावे लागतात ते कळते, आणि त्या संख्येला आपण रोध म्हणतो. भागाकार कोणत्याही वस्तूचा काढता येतो, त्याला कोणी अडवत नाही. प्रश्न असा की विभवांतर बदलल्यावर तीच संख्या पुन्हा मिळते का. तापमान कायम राखलेल्या धातूच्या तारेत ती मिळते, आणि ओहमचा नियम म्हणतात तो नेमका हा शोध आहे: ठरावीक पदार्थांबाबत हा भागाकार स्थिर राहतो. ‘रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा’ ही व्याख्या झाली. ‘हा रोध विभवांतरावर अवलंबून नसतो’ हे निसर्गाविषयीचे विधान झाले, आणि ते काही पदार्थांबाबत खरे, काहींबाबत खोटे ठरते. पाठ्यपुस्तकांत ही दोन वाक्ये इतकी लगटून येतात की विद्यार्थ्याला ती एकच वाटतात. व्याख्या आणि नियम यांच्यात दोन ओळींचे अंतर ठेवले तरी बरेच काम होईल, असे मला मनापासून वाटते.

पांढरा प्रकाश देणारा एखादा छोटा एलईडी घेतला तर २.७ व्होल्टला त्यातून सुमारे १ मिलिअँपिअर आणि ३ व्होल्टला सुमारे २० मिलिअँपिअर धारा वाहू शकते. भागाकार केला तर पहिल्या वेळी २,७०० ओहम आणि दुसऱ्या वेळी १५० ओहम. विभवांतर जेमतेम ११ टक्क्यांनी वाढले आणि ‘रोध’ अठरापट खाली आला. अशा वस्तूचा रोध किती, हा प्रश्न कोणत्या विभवांतराला ते सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. गुणाकार मात्र दोन्ही वेळा निमूटपणे खरे सांगतो: २.७ मिलिवॅट आणि ६० मिलिवॅट.

माझ्या दिव्याची गोष्ट या दोहोंच्या मधली होती. टंगस्टनची तार तापते तसा तिचा रोध वाढतो; पूर्ण उजेडात तिचे तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते आणि रोध थंड असतानाच्या दहा ते पंधरा पट होतो. पुढे मोठेपणी २३० व्होल्ट, ६० वॅट असे लिहिलेला जुन्या पद्धतीचा दिवा हातात आला तेव्हा मी आधी कागदावर हिशोब केला: ६० भागिले २३० म्हणजे ०.२६ अँपिअर, आणि २३० चा वर्ग भागिले ६० म्हणजे ८८२ ओहम. मग मल्टीमीटर लावला, तर तो ६४ ओहम दाखवू लागला. टोके घासून पुसली, मीटर बदलला, आकडा तोच. शाळेतील तो प्रश्न आठवायला मला अर्धा तास लागला. मल्टीमीटर अगदी लहानशा धारेने रोध मोजतो, त्यात तार तापतच नाही. ८८२ ओहम हा प्रकाशणाऱ्या तारेचा रोध आहे आणि ६४ ओहम गार तारेचा. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यातूनच पुढचेही समजते. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी, विभवांतर शिखरावर नसले तरी सरासरीच्या हिशोबाने, २३० भागिले ६४ म्हणजे सुमारे ३.६ अँपिअर धारा त्या नाजूक तारेतून जाऊ पाहते आणि शक्ती ८०० वॅटच्या वर जाते. तार तापून रोध वाढेपर्यंतचा हा काळ सेकंदाचा लहानसा अंश असतो, पण असे दिवे बहुधा लावतानाच का जातात याचे उत्तर त्या अंशात आहे.

या नियमामागील माणसाविषयी मला पहिल्यापासून आदर वाटत आला आहे. गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १७८९ चा, जर्मनीतील एर्लांगेनचा. वडील कुलपे बनवणारे कारागीर होते. ओहम यांनी कोलोन येथे शिकवत असताना १८२५ आणि १८२६ मध्ये हे प्रयोग केले. पहिल्या प्रयत्नात त्यांनी त्या काळचे रासायनिक विद्युतघट वापरले आणि ते फसले, कारण त्या घटांचे विभवांतर धारा घेता घेता ढळत असे. त्यातून निघालेले सूत्रही चुकीचे होते. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञांच्या सूचनेवरून त्यांनी १८२१ मध्ये झेबेक या शास्त्रज्ञांना सापडलेल्या तापविद्युत परिणामाचा, म्हणजे तापमानातील फरकातून विभवांतर मिळवण्याचा, आश्रय घेतला. बिस्मथ आणि तांबे यांच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे वितळत्या बर्फात ठेवले की जोवर पाणी उकळते आहे आणि बर्फ शिल्लक आहे तोवर विभवांतर जागचे हलत नाही. एक राशी इतकी स्थिर केल्यावरच दुसरीचे वागणे दिसू शकते, ही त्यातील खरी दृष्टी. त्यांनी २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तारा एकामागून एक लावल्या आणि चुंबकसूचीच्या विचलनावरून धारा मोजली. हाती आलेल्या सूत्रात एक स्थिर संख्या अंश म्हणून होती आणि छेदात तारेच्या लांबीत आणखी एक स्थिर संख्या मिळवलेली होती. ती मिळवलेली संख्या म्हणजे त्या विद्युतस्रोताचा आणि उरलेल्या परिपथाचा स्वतःचा रोध. ज्याला आपण आज अंतर्गत रोध म्हणतो तो त्या पहिल्या सूत्रातच होता, हे मला फार मोलाचे वाटते.

१८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, पण त्यांच्याच देशात त्याचे थंड स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. त्यांच्याही आधी हेन्री कॅव्हेंडिश हे इंग्रज शास्त्रज्ञ या नियमापर्यंत पोहोचले होते. धारा मोजायचे साधन नव्हते म्हणून ते स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यांची तीव्रता ताडून पाहत असत. ते सगळे त्यांच्या कागदांतच राहिले आणि मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये ते छापले, तोवर कॅव्हेंडिश यांच्या मृत्यूला ६९ वर्षे झाली होती.

गुणाकाराच्या बाजूचे नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचे. तारेतून निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात आणि रोधाच्या प्रमाणात असते हे त्यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. भागाकारातील रोध गुणाकारात ठेवला की हे सूत्र मिळते, आणि त्याचेच दुसरे रूप म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. कागदावर हे एका ओळीचे काम आहे, पण अर्थाच्या दृष्टीने येथे मोठी खाच आहे आणि तिच्यात मी अनेकांना पडताना पाहिले आहे. पहिल्या सूत्रानुसार रोध वाढला की शक्ती वाढते. दुसऱ्यानुसार रोध वाढला की शक्ती घटते. दोन्ही एकाच वेळी खरी कशी? याचे उत्तर कायम काय राहते यात आहे. विभवांतर बांधलेले असेल तर रोध वाढताच धारा घटते आणि शक्ती कमी होते. धारा दुसऱ्या कशाने बांधलेली असेल तर जास्त रोध असलेली जागा जास्त तापते. ६० आणि १०० वॅटचे दोन दिवे समांतर जोडले तर १०० वॅटचा अधिक उजळतो, आणि तेच दोन दिवे एकसर जोडले तर ६० वॅटचा अधिक उजळतो.

याचे सर्वांत गंभीर रूप सैल जोडात दिसते. २३० व्होल्टवर चालणारा २,००० वॅटचा एक हीटर घेऊ. त्याची धारा ८.७ अँपिअर आणि रोध २६.४५ ओहम. आता त्याच्या प्लगमध्ये एक जोड सैल झाला, काळा पडला आणि तेथे फक्त अर्धा ओहम रोध आला असे समजू. एकूण रोध २६.९५ ओहम झाला, धारा ८.५३ अँपिअरवर आली आणि हीटरला मिळणारी शक्ती सुमारे १,९२५ वॅट झाली. वापरणाऱ्याला फरक जाणवणारसुद्धा नाही. पण त्या अर्ध्या ओहममध्ये ८.५३ चा वर्ग गुणिले ०.५ म्हणजे ३६ वॅट, दर सेकंदाला ३६ ज्यूल उष्णता साठत चालली आहे, आणि तीही नखाएवढ्या पितळी टोकावर, प्लॅस्टिकच्या बंद डबीत. डाग देण्याची तापलेली डाखणीच (सोल्डरिंग आयर्न) जणू तेथे ठेवली आहे. संरक्षक स्विच खाली पडणार नाही, कारण धारा वाढलेली नसून थोडी कमीच झाली आहे. माझ्या स्वतःच्या खोलीत असा एक प्लग तपकिरी होऊन वाकलेला मला वेळेवर सापडला, आणि त्यानंतर मी त्या जोडावरील विभवांतराचा हिशोब करून पाहिला: सुमारे ४.३ व्होल्ट. २३० च्या मानाने क्षुल्लक दिसणारा हा आकडा आग लावायला पुरेसा आहे. म्हणून जड उपकरणाचा प्लग वापरात असताना कोमटपेक्षा जास्त लागला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये, असे मी भेटेल त्याला सांगतो.

भागाकार आणि गुणाकार यांची गल्लत मोटरमध्ये सर्वांत जास्त होते. १२ व्होल्टची एक लहान मोटर फिरताना १ अँपिअर घेते आणि तिचा दांडा हाताने धरून थांबवला तर ६ अँपिअर. थांबलेल्या मोटरचा भागाकार २ ओहम, आणि तो तिच्या तारेच्या वेटोळ्यांचा खरा रोध आहे. फिरणाऱ्या मोटरचा भागाकार १२ ओहम येतो, पण तिच्यात १२ ओहमची तार कोठेही नाही. वेटोळी चुंबकीय क्षेत्रात फिरू लागली की त्यांच्यात उलट दिशेचे विभवांतर निर्माण होते, येथे १० व्होल्टचे, आणि तारेच्या वाट्याला फक्त २ व्होल्ट उरतात. गुणाकार सांगतो की मोटर १२ वॅट घेत आहे. धारेचा वर्ग गुणिले खरा रोध सांगतो की त्यांपैकी २ वॅट उष्णतेत जात आहेत. राहिलेले १० वॅट दांडा फिरवत आहेत. तीच मोटर अडकली की ७२ वॅट घेते आणि ते सगळे वेटोळ्यांना तापवण्यात जातात, म्हणून अडकलेली मोटर जळते. एकूण शक्ती आणि उष्णता वेगवेगळ्या सूत्रांनी मोजल्यामुळेच येथे काम किती झाले ते कळते. आंधळेपणाने विभवांतराचा वर्ग भागिले २ केले असते तर फिरणाऱ्या मोटरलाही ७२ वॅट लावले गेले असते.

आता मोजमापाकडे. दोन आकडे घेऊन हिशोब करायचा तर ते दोन आकडे त्याच वस्तूचे असायला हवेत, आणि हे वाटते तितके सोपे नाही. डिजिटल मल्टीमीटरचा व्होल्टमीटर स्वतः बहुधा १० मेगाओहम रोधाचा असतो. १ मेगाओहमचा रोध मोजताना व्होल्टमीटर त्याला समांतर आणि अ‍ॅमीटर दोघांच्या बाहेर असेल तर अ‍ॅमीटर दोघांची मिळून धारा दाखवतो आणि भागाकार ०.९१ मेगाओहम येतो, म्हणजे ९ टक्के चूक. अ‍ॅमीटर आत घेतला तर त्याच्यावरचे थोडे विभवांतर हिशोबात घुसते, पण मोठ्या रोधापुढे ते नगण्य असते. लहान रोधाला याच्या उलट. ०.१ ओहमचा तुकडा साध्या दोन तारांनी मोजला आणि त्या तारांचाच रोध ०.२ ओहम असला तर मीटर ०.३ दाखवील. त्यावर केल्व्हिन यांच्या नावाने ओळखली जाणारी चार तारांची पद्धत आहे: दोन तारांनी धारा न्यायची आणि दुसऱ्या दोन तारा थेट तुकड्याच्या टोकांना लावून त्यांनी फक्त विभवांतर पाहायचे. त्या दुसऱ्या जोडीतून धारा जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तिचा रोध कितीही असला तरी बिघडत नाही. इतकी साधी आणि इतकी समर्पक युक्ती मला विद्युतशास्त्रात क्वचितच दिसली आहे.

गुणाकाराला मी निर्मळ म्हटले, पण त्यालाही एक पथ्य आहे, आणि ते ‘त्या क्षणी’ या शब्दांत आहे. प्रत्यावर्ती धारेत विभवांतर आणि धारा दोन्ही सतत बदलत असतात, आणि मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यांच्या लाटा एकमेकींच्या थोड्या पुढेमागे चालतात. मीटरवर २३० व्होल्ट आणि २ अँपिअर दिसले म्हणून ४६० वॅट होत नाहीत, शक्तिगुणक, म्हणजे या गुणाकाराचा खऱ्या शक्तीत उतरणारा भाग, ०.६ असेल तर २७६ वॅटच होतात. क्षणाक्षणाचा गुणाकार अजूनही अचूक असतो. दोन सरासऱ्यांचा गुणाकार हा गुणाकाराची सरासरी नसतो, एवढेच. नुसता तापणारा रोध असेल तर हा फरक मिटतो.

वॅट हे एकक १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी सुचवले आणि १८८९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारले गेले. व्होल्ट, ओहम आणि अँपिअर पॅरिसच्या १८८१ च्या परिषदेत ठरले होते. तेव्हा ओहमचे प्रमाण म्हणून ठरावीक लांबीचा पाऱ्याचा स्तंभ वापरत. पाऱ्याचाच रोध ४.२ केल्व्हिनच्या (उणे २६९ अंश सेल्सिअसच्या) आसपास एकाएकी नाहीसा होतो हे कामरलिंग ओन्नेस या डच शास्त्रज्ञांना १९११ मध्ये दिसले, तेव्हा भागाकार शून्यावर आला. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना अतिशीत तापमानात आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रात २५,८१२.८०७ ओहम आणि त्याला पूर्णांकाने भागून येणारे असे पायरीपायरीने मिळणारे रोध सापडले, जे पदार्थावर आणि नमुन्याच्या आकारावर अवलंबून नसतात. ज्या भागाकाराला मी वर वस्तूचा धर्म समजत आलो, तो येथे वस्तूपासून सुटून निसर्गाच्या स्थिरांकांशी जोडला गेला.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅमही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेला नाही. तो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गाच्या एका मूलभूत संख्येवरून ठरतो, आणि प्रत्यक्षात आणण्याची एक वाट म्हणजे ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सुचवलेला तराजू. त्यात चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या तारेच्या वेटोळ्यातून धारा सोडून वस्तूचे वजन तोलून धरतात आणि ती धारा नोंदवतात. मग वस्तू आणि धारा दोन्ही काढून तेच वेटोळे ठरावीक वेगाने वरखाली हलवतात आणि त्याच्या टोकांवर उमटणारे विभवांतर नोंदवतात. क्षेत्राची तीव्रता आणि तारेची लांबी दोन्ही वेळा तीच असल्याने कटून जाते, आणि उरते ते असे की विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार हा वजन आणि वेग यांच्या गुणाकाराइतका असतो. त्यातील धाराही थेट मोजत नाहीत. फॉन क्लिट्झिंग यांच्या पायऱ्यांवरून जोखलेल्या एका रोधातून ती नेतात, त्याच्या टोकांवरील विभवांतर पाहतात आणि त्याला रोधाने भागतात. भागाकारातून धारा, तिच्या गुणाकारातून वॅट. त्या वॅटना वेटोळ्याच्या वेगाने आणि त्या जागेच्या गुरुत्वत्वरणाने भागले की तराजूवर ठेवलेल्या वस्तूचे किलोग्रॅम.